लिब्रेऑफिस २५.८: पंचवीस वर्षांपूर्वीच्या फाइली घेऊन केलेलं परीक्षण

नारायण पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर, १० बाय १२च्या खोलीत, १९९७ पासून माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करायचं, दुकान होतं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, पीएचडीचे प्रबंध, गणपती मंडळांच्या स्मरणिका, शिवाय दोन दिवाळी अंकांची पानं. या मार्चमध्ये वाडा बिल्डरकडे गेला आणि मी नवी पेठेत एका इमारतीच्या बेसमेंटमध्ये आले. परीक्षण लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरचं आहे, वाड्याचं नाही. पण वाडा सुटला नसता तर या सॉफ्टवेअरमध्ये एवढं खोल शिरायची माझ्यावर वेळच आली नसती, म्हणून सांगितलं.

दुकानात तीन मशीन होती. एक विंडोज एक्सपीचं, त्यावर पानं लावायचं पेजमेकर ६.५ आणि मराठी फाँटचं सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरला मागच्या प्रिंटर पोर्टमध्ये खोचायचं लॉक लागायचं; लॉक नाही तर फाँट नाही. दुसरं विंडोज ७चं, बिलं आणि अहवाल यांच्यासाठी. तिसरं दोन वर्षांपूर्वी घेतलेलं विंडोज ११चं. सामान हलवताना टेंपोत एक्सपीच्या मशीनवर यूपीएस ठेवायची अक्कल माझीच. नवी पेठेत उतरवलं तेव्हा कॅबिनेट आत दबलेलं होतं आणि हार्डडिस्क टिकटिक करत होती. टिकटिक ऐकल्यावर डीटीपीवाल्याच्या पोटात काय होतं ते डीटीपीवाल्यालाच विचारा. नशिबाने फाइली सगळ्या सीडीवर होत्या, पत्रिकेच्या पाकिटांच्या खोक्यात, वर्षवार. फाइली होत्या, त्या उघडणारं मशीन गेलं होतं.

फाँटवाल्या कंपनीला फोन केला. नाव घेत नाही. म्हणाले, ते लॉक आता चालत नाही, नवीन आवृत्ती घ्या. नव्या आवृत्तीत माझी २००० सालची पेजमेकरची फाइल उघडेल का? "पेजमेकर तुमचं तुम्ही बघा, मॅडम."

आणि नेमके त्याच आठवड्यात मंडळाचे काका आले. १९५० सालचं मंडळ, यंदा अमृतमहोत्सव. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका २००० साली मीच केली होती. त्यातली अध्यक्षांची यादी, जुन्या देखाव्यांची माहिती आणि दोन लेख त्यांना नव्या स्मरणिकेत जसेच्या तसे हवे होते. छापील प्रत होती, पण फोटोकॉपीची फोटोकॉपी. गणपती होऊन गेले तरी स्मरणिका निघायची आहे, ती दिवाळीनंतर निघेल. पुण्यात यात नवीन काही नाही.

भाचा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, "मावशी, लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्ये टाकून बघ." ड्रॉ म्हणजे त्यातला चित्रं-आकृत्यांचा भाग. लिब्रेऑफिस माझ्याकडे आधीपासून होतं, पण 'वर्ड नसेल तेव्हाचं वर्ड' एवढीच माझ्या लेखी त्याची किंमत. किंमत म्हणजे शून्य रुपये, डाउनलोड साधारण साडेतीनशे एमबी. बिलं आणि पत्रं लिहायला ते उत्तम आहे, हे आता कुणाला सांगायची गरज नाही, त्यामुळे तो भाग सोडून देते. मी सांगणार आहे ते फक्त जुन्या फाइलींबद्दल.

सीडी घातली. 'स्मर२०००' नावाचा फोल्डर, त्यात .p65 च्या सात फाइली, म्हणजे पेजमेकर ६.५. पहिलीवर राइट क्लिक, 'ओपन विथ', लिब्रेऑफिस. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग ड्रॉची खिडकी उघडली आणि डावीकडे पानं दिसायला लागली: एक, दोन, तीन, सोळा. चौकटी जागेवर, रेघा जागेवर, दोन कॉलमचा मजकूर दोन कॉलमांत. अक्षरं मात्र सगळी इंग्रजी चिन्हांचा कचरा. ते अपेक्षितच होतं, कारण तेव्हाचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली मराठी चित्रं. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजीच लिहितोय. मराठी दिसते ती फाँटमुळे. सीडीच्याच एका कोपऱ्यात फाँटची टीटीएफ फाइल सापडली, ती टाकली, मजकूर सिलेक्ट करून फाँट लावला आणि स्क्रीनवर 'श्रीगणेशाय नमः' उमटलं. मी खुर्चीत मागे टेकले. बेसमेंटला खिडकी नाही, नाहीतर बाहेर बघितलं असतं.

फोटो एकही आला नाही. यात दोष माझा. पेजमेकरमध्ये मोठे फोटो पानात न घालता बाहेर ठेवून नुसती लिंक द्यायची पद्धत होती, आणि माझ्या लिंका ज्या डी ड्राइव्हकडे बोट दाखवत होत्या तो २००३ सालीच भंगारात गेला. पानांची मांडणीही तंतोतंत नाही. दोन ठिकाणी ओळी मोकळ्या पडल्या, एका चौकटीची जाड किनार बारीक झाली. त्या पानाचं थेट ट्रेसिंग काढून प्रेसला द्यायचं असेल तर विसरा. मला मॅटर, म्हणजे मजकूर, हवं होतं, मॅटर सगळं मिळालं.

आता थोडं मागे जाते, कारण ही फाइल उघडली ती योगायोगाने नाही, आणि भाच्याचं न् माझं भांडण झालं तेही याच मुद्द्यावर.

लिब्रेऑफिसचं मूळ १९८५ मधलं. जर्मनीत मार्को बोरीस नावाच्या शाळकरी वयाच्या पोराने स्टार डिव्हिजन कंपनी काढली, तिचं पुढे स्टारऑफिस झालं. सन कंपनीने १९९९ मध्ये ते विकत घेतलं आणि २००० च्या ऑक्टोबरात, म्हणजे मी ही स्मरणिका प्रेसला देऊन मोकळी झाले त्यानंतर महिन्याभरात, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. ते ओपनऑफिस. २०१० मध्ये ओरॅकलने सनच घेतली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ओपनऑफिसच्या बऱ्याच मंडळींनी द डॉक्युमेंट फाउंडेशन नावाची वेगळी चूल मांडली. त्यांच्या सॉफ्टवेअरचं नाव लिब्रेऑफिस.

वेगळं बिऱ्हाड केल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर झाडलोट. पंचवीस वर्षांचा कोड, त्यात टिपा जर्मनमध्ये. भाड्याच्या घरात राहायला जावं आणि फ्यूजच्या पेटीवर कुठला फ्यूज कशाचा हे जर्मनमध्ये लिहिलेलं असावं, तसं. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं त्या टिपा एकेक करून इंग्रजीत आणल्या. कुठूनच वापरले न जाणारे कोडचे तुकडे हुडकून काढून टाकले. सॉफ्टवेअर बांधायची जुनी यंत्रणा बदलली. नवख्यांसाठी 'इझी हॅक्स' नावाची सोप्या कामांची यादी ठेवली, म्हणजे नवीन आलेला पोरगा पहिल्या दिवशी केर काढता काढता घर ओळखायला लागतो. भाच्याने कॉलेजात असताना त्यातलं एक काम केलं होतं. दहा ओळी वाचून सात ओळी काढल्या, आणि त्या सात ओळींचा अभिमान अजून उतरलेला नाही.

या झाडलोटीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझ्या फाइलीला धक्का लागत नाही तोवर त्यांनी आत भिंती पाडाव्यात, पोटमाळा काढावा, काय वाटेल ते करावं.

भांडण पुढच्या पायरीचं. २०१३ च्या फेब्रुवारीत लिब्रेऑफिस ४.० आलं आणि त्यातून स्टारऑफिसच्या जुन्या फाइली उघडायची सोय काढून टाकली. भाच्याचं म्हणणं, बरोबरच केलं. ती सोय म्हणजे साधा दरवाजा नव्हता; जुन्या ऑफिसच्या कोडची एक अख्खी नक्कल फक्त त्या फाइलींसाठी आत पोसली जात होती. प्रत्येक बदल करताना तिला सांभाळून घ्या, बांधताना तिलाही बांधा. "चार लोक वापरणार, आणि राबणार सगळे." मी म्हटलं, अरे, त्या चारांमधली एक मी असले तर? त्याने खांदे उडवले. कंपनीत तीच सवय लागलेली दिसते.

मग त्याने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची गोष्ट सांगितली. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं तेव्हा भाषेतला जुना गचाळपणा काढायचा म्हणून त्यांनी मुद्दाम मागचं तोडलं. जुने प्रोग्राम नव्यात चालेनात. लोक हलेनात. पायथन २ बंद करायची तारीख आधी २०१५ होती, ती २०२० वर ढकलावी लागली. बारा वर्षं दोन बिऱ्हाडं! भाच्याच्या मते यातून शिकायचं ते हे की तोडायचंच असेल तर पटकन तोडा. मला त्यातून नेमकं उलटं दिसतं: लोकांच्या हातातलं चालतं काम तुम्ही बंद पाडलंत, तर ते बारा वर्षं तुमच्या दारात बसतील.

त्याचं दुसरं उदाहरण सुरक्षेचं. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, अर्ध्या जगाचे पासवर्ड उघड्यावर. त्यावर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांनी त्याची वेगळी प्रत घेऊन लिब्रेएसएसएल सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात ९०,००० हून जास्त ओळी उडवल्या, बऱ्याचशा कुणी वापरत नसलेल्या जुन्या मशीनसाठीच्या. "बघ मावशी, जुनं ठेवलं की असं होतं." मी रात्री वाचून काढलं. ते भोक २०१२ च्या आवृत्तीत आलेल्या नव्या सोयीत होतं! गळत होती नवी भिंत आणि हातोडा पडला जुन्या भिंतींवर. फोन करून सांगितलं तर म्हणाला, "हो, पण जुन्या पसाऱ्यामुळे ते कुणाला दिसलं नाही." हे मात्र पटलं. माझ्या खोक्यातली हवी ती सीडी मला तीन तास सापडली नव्हती, कारण तिच्याबरोबर मी १९९८ च्या कॅलेंडरांच्या सीडीही जपून ठेवल्या होत्या.

तर स्टारऑफिसच्या फाइलींचं पुढे काय झालं? काही वर्षांनी ती सोय परत आली, पण वेगळ्या रूपात. एक छोटी स्वतंत्र लायब्ररी, म्हणजे कोडचा वेगळा बांधलेला गठ्ठा, तिचं काम एकच: जुनी फाइल वाचायची आणि आतला मजकूर लिब्रेऑफिसच्या हातात द्यायचा. जुन्या प्रकारात परत सेव्ह करणं नाही, जुन्या ऑफिसची नक्कल पोसणं नाही. माझी स्मरणिकाही तशाच लायब्ररीने उघडली. पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली वाचायची सोय लिब्रेऑफिसमध्ये २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून आहे. अशा वाचक लायब्रऱ्यांचा एक प्रकल्पच २०१४ पासून चालू आहे, डॉक्युमेंट लिबरेशन नावाचा. कोरलड्रॉ, व्हिजिओ, पब्लिशर यांच्याही फाइली त्यातून उघडतात. कोरलच्या चार जुन्या पत्रिका मी उघडून पाहिल्या. गणपतीचं चित्र आलं, वेलबुट्टी आली, ग्रेडियंट थोडं विचित्र आलं.

हे बघितल्यावर मला भांडणाचं उत्तर मिळालं, निदान माझ्या धंद्यापुरतं. मी भाच्याला म्हटलं, मला २००० सालची फाइल २००० सालच्याच प्रकारात परत सेव्ह कधीच करायची नसते. पेजमेकर पुन्हा कोण उघडणार आहे? मला वाचायला हवं असतं. लिहायची सोय काढ, बदलायची सोय काढ, आतला सगळा जुना संसार काढ. वाचायची सोय ठेव आणि तीही घराबाहेर, वेगळ्या खोलीत ठेव, म्हणजे घर झाडताना ती आड येत नाही. तो म्हणाला, "वाचायचा कोडही कुणीतरी सांभाळायला लागतो, मावशी. आणि मुद्दाम बिघडवलेली फाइल पाठवून हल्ला करतात तो वाचणाऱ्या कोडवरच." खरं आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या जानेवारीत ऑफिसमधला समीकरणं लिहायचा जुना इक्वेशन एडिटर ३.० काढून टाकला तो याच कारणाने. त्यातल्या भोकातून हल्ले होत होते. लिब्रेऑफिसवाले स्वतःच्या वाचक कोडला मशीनकडून रात्रंदिवस बिघडलेल्या फाइली खायला घालतात आणि कुठे कोसळतो ते बघतात. म्हणजे काम आहे, फुकट नाही. मी कुठे फुकट म्हटलं? डॉक्युमेंट फाउंडेशनला देणगी देता येते. मी दिली. आकडा सांगत नाही, पण फाँटवाल्यांच्या नव्या आवृत्तीच्या किमतीपेक्षा बराच कमी होता.

इक्वेशन एडिटरवरून आठवलं. २००५ ते २०१२ या काळात मी जे विज्ञानाचे प्रबंध टाइप केले त्यांतली समीकरणं सगळी त्या एडिटरमधली. एक प्राध्यापक बाई त्यांच्या प्रबंधाचं पुस्तक करायचं म्हणून आल्या. वर्डमध्ये समीकरणं दिसतात, पण त्यावर डबल क्लिक केलं तरी बदलता येत नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये तीच .doc उघडली तर समीकरणं त्याच्या स्वतःच्या 'मॅथ'मध्ये येतात आणि बदलता येतात. एकशे चाळीस समीकरणांपैकी अकरा हाताने नीट करावी लागली. कुठे कंस छोटा, कुठे वरचा आकडा शेजारी. बाई चहा न घेता गेल्या, पण दुसऱ्या दिवशी बाकरवडी घेऊन आल्या.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त नडली ती. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ही वाचावी.

स्मरणिकेचं मॅटर ड्रॉमधून उचलून रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या लिहायच्या भागात, आणलं, जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःची जागा देणाऱ्या प्रमाणात, बदलून घेतलं आणि परत चिकटवलं. लेख १४ पॉइंटमध्ये होता. चिकटवल्यावर अक्षरं लहान झाली आणि फाँट भलताच. वर आकड्याच्या चौकटीत १४ टाकलं की दिसायला ठीक, पण स्टाइल, म्हणजे आधी ठरवून ठेवलेली मांडणी, लावली की परत १२. अर्धा तास मी स्टाइलला शिव्या घातल्या. कारण असं: लिब्रेऑफिस प्रत्येक अक्षराला फाँट आणि आकार तीन वेगवेगळ्या खिशांत ठेवतं. एक इंग्रजीसारख्या लिप्यांसाठी, एक चिनी-जपानीसाठी, एक 'कॉम्प्लेक्स' म्हणजे देवनागरी, अरबी वगैरेंसाठी. जुन्या फाँटमधला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी, म्हणून त्याचे १४ पॉइंट पहिल्या खिशात. युनिकोड झाल्याबरोबर तोच मजकूर देवनागरी झाला आणि तिसऱ्या खिशातले १२ पॉइंट लागू झाले. मी स्टाइल बनवताना तिसऱ्या खिशात हात घातलाच नव्हता.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टची टिक लावा, मग स्टाइलच्या फाँटच्या पानावर तिसरा भाग दिसतो, तिथे फाँट आणि आकार दोन्ही भरा. पण ही तीन खिशांची व्यवस्था आहेच कशाला? मी भाच्याला विचारलं, हा कचरा का नाही काढत? या वेळी त्याने खांदे उडवले नाहीत. म्हणाला, "कारण ते फाइलीतच लिहिलेलं असतं." ओडीएफ हा लिब्रेऑफिसचा फाइल प्रकार २००५ पासून प्रमाणित आहे आणि त्यात साध्या लिपीचा आकार आणि कॉम्प्लेक्स लिपीचा आकार यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत. वर्डच्या फाइलीतही अशीच दोन मापं असतात. आज खिसे शिवून एक केले, तर जगातल्या ज्या फाइलीत इंग्रजी ११ आणि मराठी १४ ठेवलंय ती फाइल बिघडणार. आणि माझ्या सोसायट्यांचे सगळे अहवाल तसलेच आहेत, कारण मराठी ११ मध्ये म्हाताऱ्या सभासदांना दिसत नाही. मी गप्प बसले.

युनिकोड करतानाची एक गंमत. दोन फुकट कन्व्हर्टर वापरले. 'दुसऱ्या' हा शब्द दोघांनी दोन प्रकारे लिहिला: एकाने ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसऱ्याने साध्या र ला हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक लावून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. युनिकोडचं धोरण असं की एकदा दिलेलं अक्षर कधी काढायचं नाही, म्हणून दोन्ही पद्धती कायम राहणार. तुम्ही कन्व्हर्टर एकच धरा आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

ज्यांना हौस आहे त्यांनी ऑप्शन्समध्ये रायटरच्या 'कम्पॅटिबिलिटी' पानावर जाऊन बघावं. तिथे अजून अशा टिका आहेत: 'ओपनऑफिस १.१ सारखे टॅब', 'ओपनऑफिस १.१ सारखा वस्तूभोवतीचा मजकूर', 'ओळींमध्ये जादा जागा सोडू नका'. १.१ ही २००३ सालची आवृत्ती. त्या काळात टॅब जसे पडायचे तसेच तुम्हाला हवे असतील तर आजही मिळतात. मला हे पान अतिशय आवडलं. किराणावाल्याकडे मागच्या फळीवर धूळ खात उभी असलेली, पण मागितली की काढून देणारी बरणी असते, तसं.

कॅल्कमधली, म्हणजे लिब्रेऑफिसच्या हिशेबाच्या भागातली, बरणी तर याहून जुनी. एक्सेलला वाटतं १९०० साली २९ फेब्रुवारी होता. नव्हता. एक्सेलच्या आधीच्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती चूक होती. लोटसच्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून घेतली आणि आजतागायत सांभाळली. लिब्रेऑफिसने चूक घेतली नाही, पण तारखांची मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून सुरू केली, म्हणजे १ मार्च १९०० पासून पुढचे सगळे आकडे एक्सेलशी जुळतात आणि खोटा २९ फेब्रुवारी मानावा लागत नाही. सेटिंगमध्ये आणखी एक पर्याय दिसतो, १ जानेवारी १९००, आणि त्याच्यापुढे कंसात 'स्टारकॅल्क १.०'. स्टारकॅल्क १.० ची फाइल पुण्यात कुणाकडे असेल तर मला दाखवा, चहा माझ्याकडून.

आता उणी बाजू. २५.८ विंडोज ७ आणि ८ वर चालत नाही, २५.२ ही त्यांच्यासाठीची शेवटची. माझ्या दुसऱ्या मशीनवर म्हणून २५.२ च राहणार. मी आधी चिडले. मग स्वतःलाच विचारलं, जुनी फाइल उघडून मागणं आणि जुनं मशीन चालवून मागणं, या दोन मागण्या सारख्या आहेत का? फाइल काकांची आहे, त्यांच्या मंडळाचा इतिहास आहे, दुसरीकडे कुठे नाही. विंडोज ७ मी ठेवलंय कारण नवा प्रिंटर घ्यायचा कंटाळा. माझ्या कंटाळ्यासाठी कुणी स्वयंसेवकाने रात्री जागाव्यात, असं मी म्हणू शकत नाही.

पानं लावायला हे वापरू नका. स्मरणिकेची अंतिम पानं मी दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये केली. मराठी जोडाक्षरं मात्र २०१७ च्या ५.३ पासून नीट बसतात, कारण त्यांनी विंडोज, मॅक, लिनक्स यांच्या वेगवेगळ्या अक्षरजुळणी यंत्रणा काढून सगळीकडे हार्फबझ ही एकच घेतली. अशी साफसफाई असेल तर रोज करा. फक्त २०१५-१६ मधल्या लांब फाइली उघडताना ओळी कुठे तुटतात ते एकदा नजरेखालून घाला. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे सरकलेले असू शकतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो तीन खिशांची गोष्ट नवख्या मराठी माणसाला आपणहून कुठेच सांगत नाही म्हणून.

परवा काकांना पहिलं प्रूफ दाखवलं. अध्यक्षांच्या यादीत बोट फिरवता फिरवता चौथ्या नावावर थांबले. १९६१-६२, त्यांचे वडील. नावातली पहिली वेलांटी मी २००० साली दीर्घ टाकली होती, ती पेजमेकरमधून, ड्रॉमधून, कन्व्हर्टरमधून दीर्घच उतरली. मी पेन उचललं. काका म्हणाले, "थांबा. त्या पानाची फ्रेम आहे आमच्या घरी, पंचवीस वर्षं. आता हे ऱ्हस्व केलं तर पोरं विचारतील, खरे आजोबा कुठले." मग स्वतःच म्हणाले, पण शाळेच्या दाखल्यावर ऱ्हस्व आहे. शेवटी घरी विचारून सांगतो म्हणाले. प्रूफ अजून टेबलावर आहे, त्या ओळीसमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.